गोठ्यातले तास आणि परदेशातला अर्ज

अमेरिकेतल्या बहुतेक पशुवैद्यकीय महाविद्यालयांसाठी एकच सामायिक ऑनलाइन अर्ज असतो. व्हीएमकॅस हे त्याचं नाव. नाव-गाव, गुण, इंग्रजीची परीक्षा हे नेहमीचे रकाने भरून झाले की तासांचा भाग येतो. पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली किती तास घालवले? जनावरांसोबत इतर किती तास? संशोधनाचे किती, स्वयंसेवेचे किती? सेनगाव किंवा कळमनुरी तालुक्यातल्या एखाद्या गावचा विद्यार्थी इथवर येऊन अडतो. दवाखान्यात काम केल्याचा कागद त्याच्याकडे नसतो, म्हणून तो शून्य लिहितो. नाहीतर कुणाच्या तरी ओळखीनं खोटा दाखला आणतो, आणि ते शून्यापेक्षा वाईट.

खरं तर या मुलानं किंवा मुलीनं पाचवीपासून दावणीला वैरण टाकलेली असते. गाय अडली तेव्हा रात्रभर बॅटरी धरून उभं राहिलेलं असतं. 2022 साली लम्पी आला तेव्हा बैलाच्या अंगावरच्या फुटलेल्या गाठी धुतलेल्या असतात. यातलं काय अर्जात बसतं, काय बसत नाही, जे कमी आहे ते हिंगोलीत राहून कसं मिळवायचं आणि मुळात बारावीनंतर लगेच परदेशी जाण्यात शहाणपण आहे का, याबद्दल मराठीत फारसं लिहिलेलं सापडत नाही. वैद्यकीय प्रवेशावर मात्र प्रत्येक वर्तमानपत्राची पुरवणी भरलेली असते.

आधी दोन पद्धतींतला फरक. आपल्याकडे पशुवैद्यकीय पदवीचा प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. महाराष्ट्रातल्या सरकारी महाविद्यालयांतल्या 85 टक्के जागा राज्याच्या प्रक्रियेतून भरल्या जातात. ही प्रक्रिया नागपूरचं महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ चालवतं. उरलेल्या 15 टक्के जागा भारतीय पशुवैद्यक परिषद अखिल भारतीय कोट्यातून भरते. तुम्ही कधी गायीला हात लावला आहे का, हा प्रश्न या साऱ्या वाटेवर कुणी विचारत नाही. आयुष्यात शेळी जवळून न पाहिलेला मुलगाही नीटच्या जोरावर परभणीच्या महाविद्यालयात दाखल होऊ शकतो. त्याचा अनुभव प्रवेशानंतर सुरू होतो: साडेचार वर्षांचं शिक्षण, त्यात महाविद्यालयाचं पशुधन प्रक्षेत्र आणि चिकित्सालय, आणि मग एक वर्षाची आंतरवासिता.

अमेरिकेत हा क्रम उलटा आहे. तिथे आधी महाविद्यालयात जीवशास्त्र, रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र, जीवरसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र असे विषय पुरे करायचे आणि मग चार वर्षांच्या पशुवैद्यकीय पदवीला अर्ज करायचा. जागा कमी, अर्ज जास्त. गुणांनी सगळेच चांगले. मग निवड समितीला कळायला हवं, की या उमेदवाराला हा धंदा खरा कसा असतो ते ठाऊक आहे का. शेण, रक्त, पू, चावणारा कुत्रा, वाचू न शकणारं जनावर, बिल भरू न शकणारा मालक, हे सगळं पाहूनही त्याला यायचंच आहे का? तास मागण्यामागचं कारण एवढंच. काही महाविद्यालयं किमान तासांची अट घालतात, काही घालत नाहीत. पण निवडल्या जाणाऱ्यांचे तास बहुधा शेकड्यांत असतात, पुष्कळांचे हजारांत.

हिंगोलीच्या मुलाची अडचण इथे कळते. जनावरांसोबतचं त्याचं आयुष्य दहावीला थांबतं. हुशार असेल तर घरचे त्याला अकरावीला लातूरला किंवा नांदेडला पाठवतात. दोन-तीन वर्षं वसतिगृह, शिकवणी, सराव परीक्षा. ज्या वयात अमेरिकेतला किंवा इंग्लंडातला विद्यार्थी शनिवारी दवाखान्यात जाऊन पिंजरे धुतो, त्या वयात आपला मुलगा गोठ्यापासून सर्वात दूर असतो. दोष त्याचा नाही. पण परदेशाचा विचार असेल, तर ही वर्षं कशी गेली याचं उत्तर अर्जात द्यावंच लागतं. ‘प्रवेश परीक्षेसाठी घर सोडून दुसऱ्या जिल्ह्यात राहिलो, सुट्टीत गावी येऊन इतकं इतकं काम केलं’ असं सरळ लिहिलेलं चालतं. तिथल्या समित्यांना वेगवेगळ्या देशांतल्या शिक्षणाच्या रीती माहीत असतात.

आता तासांकडे येऊ. जनावरांचा अनुभव आणि पशुवैद्यकीय अनुभव, असे दोन मोठे रकाने असतात. घरचा गोठा, शेळ्या, आखाड्यावरचे बैल, काकाचं कुक्कुटपालन हे सगळं पहिल्या रकान्यात जातं. तिथे डॉक्टर हजर असण्याची अट नसते. मूल रोज सकाळ-संध्याकाळ मिळून दोन तास वैरणपाणी, धार, झाडलोट करत असेल आणि वर्षातले 300 दिवस धरले, तर वर्षाचे 600 तास होतात. चार वर्षांचे 2400. हा आकडा पाहून घरचे चकित होतात, कारण त्यांच्या लेखी ते काम होतं, शिक्षण नव्हतं. मात्र हिशोब प्रामाणिक हवा. परीक्षेचे महिने, पाहुण्यांकडे गेलेल्या सुट्ट्या, भावानं केलेलं काम वजा करूनच आकडा लिहावा. पडताळणीसाठी कुणाचं नाव द्यायचं हा प्रश्न येतो. वडील चालतात का, की गावच्या दूध संकलन केंद्राचे चालक, की शाळेचे शिक्षक, हे त्या त्या महाविद्यालयाच्या प्रवेश कार्यालयाला ईमेलवर विचारावं. ते उत्तर देतात.

नुसत्या आकड्यापेक्षा तपशील जास्त बोलतो. ‘आमच्याकडे देशी गाय आहे’ असं लिहू नका. ती लाल कंधारी असेल तर तसं लिहा, देवणी असेल तर देवणी. म्हैस मराठवाडी असेल, शेळी उस्मानाबादी असेल, तर तेही. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे या जाती रीतसर नोंदलेल्या आहेत. लाल कंधारीचं मूळ नांदेडच्या कंधार भागातलं, पण परभणी, हिंगोली, लातूरच्या शिवारात ती पिढ्यान्‌पिढ्या राबते आहे. कोरड्या वैरणीवर, उन्हातान्हात ओढकाम करणारा तिचा बैल हा हवामानबदलाच्या काळात अभ्यासकांच्या कुतूहलाचा विषय आहे. तो तुमच्या दावणीला उभा आहे, ही अर्जात लिहिण्यासारखी गोष्ट आहे.

आणि गोठ्यातलं ज्ञान. यावर जरा थांबतो, कारण आपली मुलं सर्वात जास्त इथेच कमी पडतात. अर्जासोबत एक निबंध मागतात: तुम्हाला पशुवैद्यक का व्हायचं आहे? हिंगोलीहून लिहिलेला असा निबंध बहुतेक वेळा ‘मला लहानपणापासून प्राण्यांची आवड आहे’ या वाक्यानं सुरू होतो आणि मुक्या प्राण्यांच्या सेवेवर संपतो. जगभरातून येणाऱ्या हजारो निबंधांत तेच असतं.

त्याऐवजी एखादी अशी गोष्ट घ्या, जी तुम्ही पाहिली आहे आणि जिच्यामागचं विज्ञान तुम्ही नंतर शोधलं. उदाहरण द्यायचं तर ज्वारीचं. पावसानं ताण दिला आणि कोवळी ज्वारी खुरटली, की घरातली म्हातारी माणसं ढोरं त्या रानात जाऊ देत नाहीत. किराळ लागते म्हणतात. कुणाची गाय सुटून जातेच. घटकाभरात ती धापा टाकते, तोल जातो, पडते, आणि डॉक्टर पोचायच्या आत कधी कधी मरते. कारण असं, की कोवळ्या आणि ताणाखालच्या ज्वारीत धुरीन नावाचं द्रव्य साठतं. जनावराच्या पोटात त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटतं. रक्तात प्राणवायू असतो, पण सायनाइड पेशींमधलं एक विकर अडवून ठेवतं, त्यामुळे पेशींना तो वापरता येत नाही. म्हणून अशा जनावराचं रक्त सुरुवातीला गडद लाल न दिसता लालभडक दिसतं. उपाय म्हणून डॉक्टर सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतात, पण वेळ फार थोडा असतो. ज्वारी मोठी झाली, फुलोऱ्यात आली की हा धोका उतरत जातो, आणि नीट वाळवलेल्या कडब्याचं भय राहत नाही.

हे सारं ज्यानं आजीकडून ऐकलं, डोळ्यांनी पाहिलं आणि पुढे रसायनशास्त्राच्या पुस्तकात ओळखलं, त्याच्याकडे अस्सल निबंध आहे. लम्पीचंही तसंच. 2022 च्या साथीत आपल्या गायी-बैलांना शेळ्यांच्या देवीची लस टोचली. गावातल्या किती जणांना तेव्हा प्रश्न पडला, की शेळीची लस गायीला कशी? दोन्ही विषाणू कॅप्रिपॉक्स या एकाच गटातले, म्हणून एकाची लस दुसऱ्याला काही प्रमाणात अडवते. हा प्रश्न त्या वेळी ज्या मुलीला पडला होता आणि जिनं डॉक्टरांना तो विचारला होता, तिनं तो प्रसंग तसाच लिहावा.

तयारी अपुरी असताना परदेशात अर्ज करण्याचं आपल्याकडचं सर्वात जुनं आणि ठळक उदाहरण आनंदीबाई जोशींचं. त्यांचा अर्ज माणसांच्या वैद्यकीसाठी होता, पण प्रश्न हाच होता. 1883 साली 18 वर्षांच्या आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयाकडे आल्या, तेव्हा रीतसर शालेय शिक्षण त्यांच्याजवळ थोडंच होतं. आपल्याला काय येतं ते त्यांनी जसंच्या तसं सांगितलं आणि आपण का आलो आहोत, देशातल्या स्त्रियांची कोणती गरज पाहून आलो आहोत, ते ठामपणे लिहिलं. महाविद्यालयानं प्रवेश दिला. मार्च 1886 मध्ये त्या पदवीधर झाल्या. त्याच वर्षी इकडे मुंबईत परळला जे. एच. स्टील यांच्या हाताखाली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं.

दुसरा रकाना, म्हणजे पशुवैद्यकाच्या देखरेखीखालचे तास, आपल्याकडे खरोखर रिकामा असतो. तो भरायला हिंगोलीबाहेर जायची गरज सुरुवातीला तरी नाही. जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. लोक ज्याला ढोराचा दवाखाना म्हणतात ते पशुवैद्यकीय दवाखाने या सगळ्या तालुक्यांत आहेत. इथे एक बारकावा लक्षात ठेवा. श्रेणी 1 च्या दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी असतात, म्हणजे पदवीधर, नोंदणीकृत पशुवैद्यक. श्रेणी 2 चा दवाखाना पुष्कळदा पशुधन पर्यवेक्षक सांभाळतात. त्यांचा हात कितीही कसलेला असला, तरी परदेशी अर्जातला पशुवैद्यकीय अनुभव पदवीधर पशुवैद्यकाच्या देखरेखीखालचाच धरला जातो. म्हणून श्रेणी 1 चा दवाखाना गाठा, किंवा जिल्ह्याच्या ठिकाणचं सर्वचिकित्सालय.

जायचं कसं? सकाळच्या वेळी, जनावरं दवाखान्यात येतात तेव्हा. आधी लेखी अर्ज द्या: मी अमुक वर्गात शिकतो, पशुवैद्यकीय शिक्षण घ्यायचं आहे, सुट्टीत आठवड्यातून इतके दिवस आपल्या दवाखान्यात बसून निरीक्षण करण्याची परवानगी मिळावी. डॉक्टरांना आपल्या कामात कुणी रस घेतो याचं समाधानच वाटतं. पावसाळ्याच्या तोंडावर घटसर्प आणि फऱ्याचं लसीकरण चालतं, लाळ्या खुरकुताची मोहीम वर्षातून दोनदा होते. त्या दिवसांत गावोगाव फिरताना एक जोडी हात जास्तीची हवीच असते. कानातल्या बिल्ल्याचा 12 अंकी क्रमांक वाचून नोंद करणं, लसीचा बर्फाचा डबा सांभाळणं, कोणत्या जनावराला लस दिली त्याची यादी ठेवणं ही कामं विद्यार्थी निर्धास्त करू शकतो. लस शीतसाखळीत का ठेवावी लागते, गाभण जनावराबाबत डॉक्टर काय विचारतात, एखादा शेतकरी लसीला नको का म्हणतो आणि डॉक्टर त्याला कसं राजी करतात, हे सगळं तिथे शिकायला मिळतं. 1962 या क्रमांकावर बोलावलं जाणारं फिरतं पथकही आहे. त्यासोबत जायचं तर वरिष्ठांची परवानगी लागेल.

सुई मात्र हातात घेऊ नका. हे मी कळकळीनं सांगतो. गावाकडे खासगीत ढोरं तपासणारी माणसं होतकरू पोराला कौतुकानं इंजेक्शन द्यायला लावतात, हात घालून गाभण तपासायला शिकवतात. आणि पोरगा अर्जात अभिमानानं लिहितो, ‘मी 200 जनावरांना इंजेक्शन दिली.’ भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा 1984 चा आहे. त्यानुसार उपचार करण्याचा हक्क नोंदणीकृत पशुवैद्यकाचा; किरकोळ सेवा इतरांना करू द्यायच्या असतील, तर त्या राज्याच्या आदेशानं आणि पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. परदेशातली समिती तो आकडा वाचते तेव्हा तिला तुमचं धाडस दिसत नाही, विनापरवाना उपचार दिसतात. पाहिलं, धरलं, नोंदलं, विचारलं असं लिहा. विद्यार्थ्यानं एवढंच करायचं असतं.

तब्येतीचंही सांगायला हवं. गाय गाभडली, वार अडकली, तर उघड्या हातानं मदत करण्याची आपल्याकडे सवय आहे. ब्रुसेलोसिस असाच माणसात येतो, आणि तो महिनोन्‌महिने येणारा-जाणारा ताप, सांधेदुखी मागे लावतो. हातमोजे घाला. दवाखान्यात नियमित जायचं ठरलं की डॉक्टरांच्या सल्ल्यानं रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घ्या. अमेरिकेतल्या बहुतेक महाविद्यालयांत ती नंतर मागतातच.

रोज रात्री वहीत लिहून ठेवा: तारीख, ठिकाण, डॉक्टरांचं नाव, कोणतं जनावर, काय तक्रार, डॉक्टरांनी काय केलं, किती तास. दोन वर्षांनी अर्ज भरताना हीच वही कामाला येते. आणि शिफारसपत्रासाठीही. अमेरिकेत साधारण तीन शिफारसपत्रं लागतात आणि त्यांतलं एक तरी पशुवैद्यकाचं असावं अशी अपेक्षा असते. आपल्याकडे दाखला म्हणजे ‘वर्तणूक समाधानकारक आहे’ या दोन ओळी, सही आणि गोल शिक्का. तिकडे शिफारस देणाऱ्याला स्वतःच्या ईमेलवरून ऑनलाइन लिहावं लागतं आणि ते पत्र विद्यार्थ्याला दाखवायचं नसतं. पशुधन विकास अधिकाऱ्यांना हे तीन महिने आधी समजावून सांगा, वहीतली मुख्य कामं एका पानावर उतरवून त्यांच्या हातात द्या. एखाद्या अवघड प्रसंगी तुम्ही कसे वागलात, हे त्यांना लिहिता आलं पाहिजे.

इतकं करूनही एक उणीव राहते. हिंगोलीत पाहिलेली जनावरं म्हणजे गाय, बैल, म्हैस, शेळी, कोंबडी. अमेरिकेत आणि इंग्लंडात बहुसंख्य पशुवैद्यकांचं काम कुत्र्या-मांजरांचं असतं, आणि घोडा हा स्वतंत्र मोठा विषय. त्यासाठी नांदेड, छत्रपती संभाजीनगर, पुण्यातल्या पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यांत सुट्टीतले काही आठवडे काढावे लागतात. गोव्यात मिशन रेबीज या संस्थेचं काम 2014 पासून चालू आहे. भटक्या कुत्र्यांचं लसीकरण सातत्यानं करून 2021 साली त्या राज्यानं स्वतःला रेबीज-नियंत्रित घोषित केलं. कुत्र्यांची जाळी घेऊन गल्लीबोळ फिरणारी ती पथकं जमलं तर पाहावीत. घोड्यांसाठी आपल्या जवळचं ठिकाण म्हणजे लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा. घोडे, गाढवं, उंट, बैल एका ठिकाणी इतके क्वचित दिसतात. दात पाहून वय कसं सांगतात, लंगडणारा घोडा चालवून कसा पाहतात, हे तिथे जुन्या जाणकारांकडून ऐकायला मिळतं.

मुलाखतीत आणखी एक विषय येतो, ज्याची आपल्या मुलांना सवय नसते. तिकडे पशुवैद्यक कत्तलखान्यात मांसाची तपासणी करतात, असाध्य आजारी जनावराला शांतपणे मरण देतात, मांसासाठी वाढवलेल्या कळपांचं आरोग्य सांभाळतात. महाराष्ट्रात 2015 पासून बैलांच्याही कत्तलीला बंदी आहे. आपल्याकडचा प्रश्न असतो म्हातारा, निकामी बैल कोण पोसणार हा. तुमची श्रद्धा काय आहे ते लपवू नका, पण दुसऱ्या समाजात हे काम का केलं जातं याचा विचार करून जा. इथल्या शेतकऱ्याची कोंडी नीट मांडता आली, तर समितीला तो नवा दृष्टिकोन वाटतो.

आता पैसे. अमेरिकेत परदेशी विद्यार्थ्याची वर्षाची फी बहुतेक ठिकाणी 50 हजार डॉलरच्या पुढे असते. डॉलरला 85 रुपये धरले तर साडेबेचाळीस लाख, चार वर्षांचे एक कोटी सत्तर लाख, आणि राहणं-खाणं वेगळं. त्याआधीची पूर्वतयारीची महाविद्यालयीन वर्षंही धरा. कित्येक महाविद्यालयं त्यांतले काही विषय अमेरिकेतच केलेले असावेत असं म्हणतात. शिवाय सगळीच महाविद्यालयं परदेशी विद्यार्थी घेत नाहीत. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये बारावीनंतर थेट पाच वर्षांची पदवी असते, केंब्रिजला सहा. यूकॅस नावाचा सामायिक अर्ज पशुवैद्यकीयसाठी ऑक्टोबरच्या मध्याला बंद होतो आणि त्यात चारच पर्याय देता येतात. आपल्या राज्य मंडळाची बारावी थेट चालते का, हे प्रत्येक विद्यापीठाला आधी विचारून घ्यावं. तिथली फीही सामान्य घराच्या आवाक्यातली नाही. वसमतच्या हळदीला चांगला भाव लागलेल्या वर्षीही ती नाही.

म्हणून माझं मत सांगतो. घरी कोट्यवधी रुपये मोकळे नसतील, तर बारावीनंतर परदेशी पशुवैद्यकीय पदवीच्या मागे लागू नये. कर्ज काढून तर नाहीच. हिंगोलीहून परभणी हाकेच्या अंतरावर आहे. तिथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1972 सालचं, उदगीरचं 1987 चं. तिथे पदवी घ्या आणि मग परदेशाकडे पाहा. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती या मुख्यतः पदव्युत्तर आणि पीएच.डी.च्या शिक्षणासाठी आहेत, तर भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची नेताजी सुभाष फेलोशिप पीएच.डी.साठी. अमेरिकेतल्या विद्यापीठांत संशोधन साहाय्यक म्हणून काम करत फी माफ आणि वर विद्यावेतन, ही सोय पदव्युत्तर संशोधनाला मिळते, पशुवैद्यकीय पदवीला सहसा नाही. परजीवीशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, साथरोगशास्त्र या विषयांत मराठवाड्यातून गेलेला विद्यार्थी उपाशी राहत नाही.

तिकडे दवाखाना चालवायचा असेल, तर भारतीय पदवीवरही वाट आहे. अमेरिकन पशुवैद्यक संघटनेचा ईसीएफव्हीजी नावाचा कार्यक्रम चार पायऱ्यांचा आहे: पदवीचा पुरावा, इंग्रजीची परीक्षा, मूलभूत व चिकित्सा विज्ञानाची संगणकावरची परीक्षा आणि शेवटी प्रत्यक्ष चिकित्सेची परीक्षा. त्यानंतर परवान्यासाठी नेव्हली ही परीक्षा असतेच. इंग्लंडमध्ये पशुवैद्यकांच्या रॉयल कॉलेजची वैधानिक सदस्यत्व परीक्षा देता येते. या परीक्षा सोप्या नाहीत, स्वस्तही नाहीत, पण त्यांचा खर्च चार वर्षांच्या परदेशी फीच्या तुलनेत फार कमी आहे, आणि नापास झालात तरी हातात इथली पदवी आणि लोकसेवा आयोगाच्या पशुधन विकास अधिकारी पदाची वाट शाबूत असते.

उलट दिशेचा धोका मोठा आहे. स्वस्त देशातली पशुवैद्यकीय पदवी विकणारे एजंट आता जिल्ह्याच्या ठिकाणी येऊ लागले आहेत. परदेशी पदवी घेऊन भारतात काम करायचं, तर ती 1984 च्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत असावी लागते. पैसे भरण्याआधी ती अनुसूची काढून त्या विद्यापीठाचं नाव स्वतः शोधा. एजंटच्या माहितीपत्रकावर विसंबू नका.

परभणीत किंवा उदगीरला शिकत असलेल्यांनी पुढच्या परीक्षेची तयारी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासूनच मनात धरावी. ईसीएफव्हीजीच्या प्रत्यक्ष परीक्षेचे सात भाग असतात: भूल, घोड्यांची चिकित्सा, पशुधनाची चिकित्सा, शवविच्छेदन, क्ष-किरण, लहान प्राण्यांची रोगचिकित्सा आणि शस्त्रक्रिया. मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याला पशुधनाचा भाग जड जात नाही. गुदमार्गे तपासणी, अडलेली गाय सोडवणं, पोटफुगी हे त्यानं आंतरवासितेत शेकडो वेळा पाहिलेलं असतं. जड जातात ते भूल आणि शस्त्रक्रियेचे भाग. कुत्रीची नसबंदी सुरुवातीपासून टाक्यापर्यंत एकट्यानं, निर्जंतुकीकरणाचा एकही नियम न मोडता करून दाखवावी लागते, आणि परीक्षक भुलीखालच्या जनावराच्या प्रत्येक नोंदीकडे बघत असतात. महाविद्यालयाच्या चिकित्सालयात कुत्र्यांच्या शस्त्रक्रियांचे दिवस ठरलेले असतील तर ते चुकवू नका, प्राध्यापकांना विचारून साहाय्यक म्हणून उभे राहा, आणि आंतरवासितेतले काही आठवडे मुंबई-पुण्याकडच्या पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यात मागून घ्या. त्यासाठीचा अर्ज आंतरवासिता सुरू होण्याआधीच द्यावा.